कॉलरखालचा चट्टा

१

शंभराव्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी साडेबाराला आमची राणी डोळे मिटून थिएटरात आली. म्हणजे तिने ते मिटले नव्हते, ते उघडतच नव्हते. दोन्ही पापण्या टम्म फुगल्या होत्या, उजवी जरा जास्तच. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली होती, आणि तिची सख्खी बहीण तिला दंडाला धरून आणत होती.

"पायरी आहे, ताई."

"मला ठाऊक आहे पायरी आहे! नव्याण्णव वेळा चढलेय ती!" असं म्हणून राणीबाई तिसऱ्या पायरीला अडखळल्या.

मी या नाटकातला प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसतो आणि ज्याला ओळ आठवत नाही त्याला ती हळूच पुरवतो. काम चोख झालं तर मी आहे हे कुणाला कळत नाही, आणि चुकलं तर शेवटच्या रांगेलासुद्धा कळतं. बावीस वर्षं असल्या नोकरीत काढल्यावर स्वभाव खवट होतो, तसा माझा झाला आहे. पण त्या दुपारी राणीबाईंचा तो चेहरा पाहून मीही वही ठेवून माझं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं.

त्यांच्या मागोमाग मालक आले. मालक म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे मालक आणि राणीबाईंचे नवरे. त्यांच्या मिशा आधी दारातून येतात आणि मालक नंतर.

"डॉक्टरांकडे जाऊन आलो," ते गरजले. "ॲलर्जी! औषध दिलंय, संध्याकाळपर्यंत सूज उतरेल म्हणाले. पण डोळ्यांना काही लावायचं नाही. आणि कशाने झालं ते शोधून काढा, नाहीतर पुन्हा होईल, असंही म्हणाले. आता शोधायचं काय त्यात? काल रंगीत तालीम झाली. डोळ्यांना रंग कोणी लावला?"

सगळ्यांनी रंगमावशीकडे पाहिलं. मावशी तीस वर्षं आमच्या कंपनीची रंगभूषा करते. ती आरशापुढे कापूस ठेवत होती, तो तसाच तिच्या हातात राहिला.

मालकांनी तिच्या लाकडी पेटीचा डोळ्यांच्या रंगांचा खण ओढला आणि आतून एक लाल झाकणाची डबी बाहेर काढली. मावशीच्या पेटीत लाल झाकण म्हणजे ओठांचा रंग, हे आमच्या झाडूवाल्यालाही माहीत आहे.

"ओठांचा रंग डोळ्यांच्या खणात! बघा सगळ्यांनी! अहो, ज्या माणसाने हिला बाधेल असं काही लावलं असेल, तो माणूस आजपासून या थिएटरच्या पायरीवर दिसता कामा नये. मग तो कुणी का असेना!"

मावशीने पाठीमागे हात नेला आणि ॲप्रनची गाठ सोडायला सुरुवात केली.

२

मावशीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रंगखोलीच्या भिंतीवर तिने कोळशाने माणसाची एक उभी आकृती काढली आहे. तिच्यावर रंगीत ठिपके आहेत. ओठांवर लाल, डोळ्यांभोवती निळे, गालांवर गुलाबी, हातापायांवर पिवळे, नखांवर आणि केसांवर काळे. ज्या रंगाचा ठिपका, त्या रंगाच्या झाकणाची डबी, आणि ती डबी फक्त तिथेच. कंपनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला ती त्या आकृतीपुढे उभं करून म्हणायला लावते, "ओठांचं डोळ्यांना नाही, केसांचं भुवईला नाही, अंगाचं तोंडाला नाही." मला रंग लावायचा नसतो, तरी मलाही म्हणायला लावलं होतं. असली बाई राणीच्या पापणीला ओठांचा लाल रंग लावेल, हे मला पटेना. पण मला कोण विचारतो?

"वन्संना फोन लावा," मावशी मला एवढंच म्हणाली. "जायचं तर जाईन. पण हा डाग घेऊन नाही जाणार."

वन्सं म्हणजे मावशीची नणंद. पंचवीस वर्षं त्वचेच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होत्या, म्हणून आम्ही सगळे त्यांना कंपाउंडरबाई म्हणतो. राणीबाई सकाळी ज्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, ते याच बाईंच्या हाताखाली, म्हणजे कागदोपत्री उलट, पण खरं तर हाताखालीच, तयार झालेले. दीड वाजता बाई आल्या. हातात विणकामाची पिशवी, नाकाच्या टोकावर चष्मा.

"वहिनी, ॲप्रन बांधा आधी," त्या म्हणाल्या. "अजून तुम्हाला कुणी काढलेलं नाही. आणि मला चहा हवा. मालकांनाही द्या, त्यांचा आवाज बसेल."

चहा आला. बाईंनी विणकाम काढलं. मालकांनी पेला तळहातांमध्ये धरला, बोटं वर ताठ ठेवून.

"बोटांना काय झालंय हो तुमच्या?"

"पडद्याचा दोर. शंभरावा प्रयोग आहे, सगळं मलाच बघावं लागतं." त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला बारीक चिरा पडल्या होत्या.

"अस्सं," बाई म्हणाल्या आणि दोन टाके विणले. मग ती लाल डबी उघडून त्यांनी मावशीपुढे धरली. "वहिनी, डबीतून रंग कशाने काढता?"

"चमच्याने. लहान चपटा चमचा आहे. डबीत बोट घालायचं नाही, नियम आहे माझा. आणि काढून झालं की वरून सारखं करून ठेवते."

"मग हे काय?"

आम्ही सगळे वाकलो. गुळगुळीत लाल रंगाच्या मधोमध एका बोटाचा खड्डा होता. बोट नाजूक होतं. मावशीचं बोट तिथे मावलं नसतं, आणि मालकांचं तर अजिबातच नाही.

बाईंनी चष्म्यावरून नजर वर केली आणि ती धाकटीवर जाऊन थांबली.

३

धाकटी म्हणजे राणीबाईंची तीच बहीण. नाटकात दासी होते. तिला राणीची सगळी भूमिका तोंडपाठ आहे. राणी आजारी पडली तर तख्तावर कोण बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मालकांनी मेहुणीकडे असं पाहिलं, की मिशांची टोकंसुद्धा थरथरली.

"भाऊजी, असं बघू नका!" धाकटी रडवेली झाली. "हो, मी पेटी उघडली. पण एकट्या कालच नाही, तीन दिवसांपासून रोज उघडतेय!"

"तीन दिवस?" मालक ओरडले.

"सराव करत होते! ताईचा चेहरा माझ्या तोंडावर रंगवून बघत होते. डोळ्यांना मोरपंखी, ओठांना लाल. तुम्ही सगळे जेवायला जाता तेव्हा. काल तालमीनंतर कुणीतरी येताना दिसलं म्हणून गडबडीत डबी चुकीच्या खणात टाकली. मला राणी व्हायचंय, पण ताईचे डोळे सुजवून नाही व्हायचंय हो!"

आणि ती खरंच रडायला लागली. राणीबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. तो आधी माझ्या नाकाला लागला, मग धाकटीच्या डोक्यावर पोहोचला. "वेडी कुठली! सांगितलं असतंस तर मीच रंगवलं नसतं का तुला?"

कंपाउंडरबाईंनी धाकटीला खिडकीशी नेऊन तिच्या पापण्या पाहिल्या. "तीन दिवस तोच मोरपंखी, त्याच डबीतला?"

"तोच."

"डोळे तर स्वच्छ आहेत. अर्थात एकीला सोसतं ते दुसरीला सोसेलच असं नाही, म्हणून एवढ्यावर काही ठरत नाही. काल तालमीत राणीबाईंच्या पापण्या कुठल्या रंगाच्या होत्या?"

"मोरपंखी," मी म्हणालो. मी विंगेत दोन हातांवर असतो, मला नाही दिसणार तर कुणाला? "लाल असत्या तर सगळं नाट्यगृह हसलं असतं."

"म्हणजे ओठांचा लाल सुटला," बाई म्हणाल्या. "पण तो मोरपंखी मावशीनेच लावलाय."

मालकांच्या मिशा पुन्हा वर चढल्या. "तेच तर मी म्हणतोय!"

"थांबा हो. राणीबाई, आत बसून ही ओढणी गळ्याला कशाला?"

राणीबाईंनी ओढणी घट्ट धरली.

४

"काढा," बाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं रुग्णांना सांगून सांगून त्या शब्दाला धार आली होती. राणीबाईंनी ओढणी काढली.

उजव्या कानाच्या बराच खाली, मानेवर, एक लाल खरबरीत चट्टा होता. फार मोठा नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बोटांएवढा.

"डॉक्टरांना दाखवला हा?"

"नाही... म्हटलं, डोळ्यांपुढे याचं काय एवढं."

बाईंनी राणीचा जांभळा मखमली पोशाख आणायला सांगितला. त्याची कॉलर उंच आहे, थेट हनुवटीखाली येते. त्यांनी ती राणीबाईंच्या गळ्याशी धरली, आणि चट्टा कॉलरच्या आत पार दिसेनासा झाला.

"वहिनी, इथे काय लावता?"

"इथे? काहीच नाही!" मावशी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "कॉलरच्या आत रंग लावला तर मखमल खराब होते. हनुवटीच्या कडेला मी थांबते. नव्याण्णवातल्या एकाही प्रयोगाला मी त्या जागेला हात लावलेला नाही."

"साबण? अत्तर? गळ्यातलं काही?"

"साबण तोच, बारा वर्षं," राणीबाई म्हणाल्या. "अत्तराने माझं डोकं चढतं. आणि गळ्यात मी काही घालत नाही."

"मग झालं!" बाईंनी सुया खाली ठेवल्या. "चट्टा तसाच, पापण्यांवर आहे तसलाच. एकच वस्तू दोन्हीकडे गेलीय. मावशीचा रंग मानेवर जात नाही, म्हणजे ती वस्तू मावशीचा रंग नव्हे. आता सांगा, अशी कुठली वस्तू आहे, जी पापणीपर्यंतही पोहोचते आणि उंच कॉलरच्या आतही शिरते?"

मालक दिव्यांकडे बघत होते, धाकटी नाक पुसत होती. आणि माझी मात्र पाचावर धारण बसली, कारण ती जागा मी ओळखली होती. कॉलरच्या आत, कानाच्या खाली, दोन बोटं. ती जागा मी नव्याण्णव वेळा पाहिली होती.

५

आता मला जे सांगायचं होतं, ते न सांगण्याची मी शपथ घेतली होती.

राणीबाईंची ख्याती अशी की त्या कधीही ओळ विसरत नाहीत. खरी गोष्ट अशी की दर प्रयोगाला तिसऱ्या अंकात, एकाच जागी, त्या हमखास विसरतात. राजा राजमुद्रा हरवली म्हणून सगळा महाल पालथा घालतो, आणि राणीने त्याला म्हणायचं असतं, "महाराज, तुम्ही शोधताय ते तुमच्याच हातात आहे." काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा प्रसंग. या ओळीवर पडदा पडतो, आणि हीच ओळ त्यांच्या तोंडून निसटते. म्हणून आमची खूण ठरली होती. राणीची उजव्या हाताची दोन बोटं कॉलरच्या आत गेली, की मी ओळ सोडायची.

एका बाजूला राणीबाईंचा नावलौकिक, दुसऱ्या बाजूला मावशीची तीस वर्षं. मी मावशीकडे पाहिलं. तिने ॲप्रन बांधला होता खरा, पण गाठ सैल होती.

"बोटं," मी म्हणालो. "त्यांची स्वतःची बोटं."

आणि मी सगळं सांगून टाकलं. खूण सांगितली. शिवाय हेही सांगितलं, की पाठांतर करताना त्या बोटांच्या टोकांनी पापण्या दाबून बसतात. कालचीच गोष्ट, ती ओळ माझ्याकडून सतरा वेळा म्हणवून घेतली, आणि सतराही वेळा पापण्या दाबलेल्या.

"प्रॉम्प्टर!" राणीबाई किंचाळल्या. "शपथ घेतली होतीत तुम्ही!"

"घेतली होती. पण मावशीला घरी पाठवून ती पाळायची असेल, तर नाही पाळणार."

बावीस वर्षांत मी इतक्या मोठ्याने काही बोललो नव्हतो. मावशीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला उगीचच वहीत काहीतरी शोधावंसं वाटलं.

"हात," कंपाउंडरबाई म्हणाल्या. राणीबाईंनी रागारागाने दोन्ही हात पुढे केले. दहाही नखं पोशाखाला साजेशी गर्द जांभळी, काचेसारखी चकचकीत. कडांना मात्र रंग थोडा थोडा कातडीवर ओघळून वाळला होता.

"वहिनी, ही नखं तुम्ही रंगवलीत?"

"नाही. दीड महिन्यापूर्वी मला म्हणाली, नखं मी घरूनच करून येत जाईन. मला वाईट वाटलं, पण बोलले नाही."

"हा साधा नखरंग नाही, दिव्याखाली वाळवायचा आहे," बाई म्हणाल्या. "नखावर नीट लावला आणि पुरता वाळला, तर बहुतेकींना काही करत नाही. पण थर जाड झाला, कातडीवर ओघळला, दिव्याखाली कमी वेळ धरला, की अर्धकच्चा राहतो. आणि अर्धकच्चा फार खोडकर. पहिल्या दिवशी काही होत नाही. काही आठवडे जातात, आणि मग अंग एकदा का त्याच्यावर चिडलं की चिडलंच. गंमत अशी, की नख जाड, बोटाची कातडी जाड, तिथे पुष्कळदा काहीच दिसत नाही. दिसतं कुठे? जिथे बोट लागतं आणि कातडी पातळ असते तिथे. पापणीवर. मानेवर. अशा किती पापण्या आमच्याकडे येऊन काजळाला शिव्या देऊन गेल्या!"

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, चाचणी करून नक्की करू, पण बाई म्हणताहेत म्हणजे तेच असणार. नखं खरवडू नका, उद्या सकाळी दवाखान्यात उतरवू. तोपर्यंत सुती हातमोजे.

मावशी खाली बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही इतकं हलकं वाटलं, की सांगता सोय नाही.

"म्हणजे कुणाचाच दोष नाही," धाकटी आनंदाने म्हणाली.

"असं कसं?" बाईंनी विणकाम गुंडाळलं. "स्वतःच रंगवली तर उजव्या हाताची नखं जास्त बिघडतात, इथे दोन्ही हात अगदी सारखे आहेत. राणीबाई, हे तुम्हाला लावून कोण देतं?"

राणीबाई छताकडे बघू लागल्या. डोळे मिटलेले असतानाही.

६

"घरात आम्ही दोघंच असतो," शेवटी त्या पुटपुटल्या.

दोघांतल्या एका जणाच्या मिशा हळूहळू खाली आल्या.

"अगं, तू म्हणाली होतीस कुणाला सांगणार नाही!" मालक म्हणाले.

"मी कुठे सांगितलं? त्यांनीच काढलं शोधून!"

"पडद्याचा दोर ओढला तर तळहात सोलतो," कंपाउंडरबाई शांतपणे म्हणाल्या. "अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकालाच चिरा नाही पडत. ओघळलेला रंग बोटाने पुसता ना तुम्ही? तुम्हालाही डॉक्टरांना दाखवावं लागेल. आणि तुमच्या घड्याळाच्या पट्ट्यावर जांभळा ठिपका आहे. चहा पितानाच दिसला होता."

मग मालकांनी सगळं कबूल केलं. रंगाचा आणि दिव्याचा तो संच त्यांनीच आणला होता. आधी प्रयोगाच्या गडबडीत नखांचा रंग उडायचा, आणि राणीबाई खट्टू व्हायच्या. म्हणून दर गुरुवारी दुपारी, दार लावून, चष्मा घालून, जीभ दातांत धरून हा मिशाळ माणूस बायकोची नखं रंगवायचा. "दिव्याची माहिती वाचली नाही मी नीट," ते म्हणाले. "तिला आवडायचं. मलाही आवडायचं. लोक हसतील म्हणून लपवलं."

कुणी हसलं नाही. म्हणजे थोडा वेळ नाही.

"मावशी," मालकांनी हात जोडले, "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं माझं. माफ करा."

"केलं," मावशी म्हणाली. "पण मालक, मघाशी तुम्ही एक हुकूम काढला होता. ज्या माणसाने हिला बाधेल असं काही लावलं असेल, तो..."

"...या थिएटरच्या पायरीवर दिसता कामा नये," आम्ही सगळ्यांनी एका सुरात पूर्ण केलं. मला ओळ सोडावी लागली नाही.

"मग तो कुणी का असेना," धाकटीने हळूच जोडलं.

मालक शब्दाचे पक्के. त्यांनी टोपी घातली, आणि शंभराव्या प्रयोगाच्या दिवशी स्वतःच्या थिएटरातून बाहेर पडून समोरच्या बाकावर जाऊन बसले.

७

पाच वाजता मावशीने पुठ्ठ्याचा अर्धा मुखवटा कापला, त्याला काठी लावली, आणि पापण्यांचा सगळा मोरपंखी त्याच्यावर चढवला. सहापर्यंत राणीबाईंचे डोळे चिरीएवढे उघडले होते. मुखवटा काठीने तोंडापुढे धरायचा, कातडीला टेकवायचा नाही. हातात पांढरे सुती मोजे. चेहऱ्याला रंग नाही. अशी राणी आम्ही कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगतो, फार ऐटबाज दिसत होती. तिसऱ्या अंकाआधीचं नाच आणि गाण्याचं दृश्य राणीबाईंनी स्वतःहून धाकटीला दिलं.

साडेसहाला मावशी पेटी उचलून बाहेर निघाली. मी खिडकीतून पाहिलं. ती बाकाशी गेली, मालकांची हनुवटी धरून तोंड वर केलं, आणि दाढी चिकटवायला लागली. आधी तिने डिंकाचा एक थेंब त्यांच्या कोपराच्या आत लावून पाहिला, तिचा नियमच आहे तो. वाट पाहिली, आणि मग पुढचं. थोड्या वेळाने एक पहारेकरी भाला घेऊन पायऱ्या चढला.

"मालकांना बंदी आहे," मावशी दारवानाला म्हणाली. "पहारेकऱ्याला नाही."

तिसरा अंक आला. राजाने महाल पालथा घातला. राणी पुढे आली, तोंड उघडलं, आणि थांबली. पांढऱ्या मोज्यातली दोन बोटं कॉलरच्या आत गेली. मी वहीवर वाकलो. पण माझ्या आधी तिच्या मागे उभा असलेला पहारेकरी, ज्याला नाटकभर एकही शब्द नव्हता, कुजबुजला, "तुम्ही शोधताय ते तुमच्याच हातात आहे."

मालकांची कुजबुज ती! शेवटच्या रांगेपर्यंत गेली. राणीने गर्रकन वळून त्याच्याकडे पाहिलं, मुखवटा खाली केला, आणि सुजलेल्या डोळ्यांनी खळखळून हसली. सगळं नाट्यगृह हसलं. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

रंगखोलीत आलो तेव्हा मावशी भिंतीपुढे खडू घेऊन उभी होती. कोळशाच्या त्या माणसाच्या नखापासून निघालेली एक लांब रेघ तिने त्याच्या डोळ्यापर्यंत नेली होती. तिच्यापुढे दाढी लावलेले मालक, हात मागे बांधून, नवीन आलेल्यांसारखे उभे होते.

"म्हणा," मावशी म्हणाली. "ओठांचं डोळ्यांना नाही..."

ते म्हणू लागले. तिसऱ्या वाक्याला अडखळले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी दोन बोटं मानेला लावली. मी ओळ सोडली.